पासिंग झालेली जुनी मोटरसायकल: कागदावर किती विसंबावे?

प्रश्न

मी गोव्यातल्या शिरोड्याचा. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आहे, पण दुसरी पाळी सुटते तेव्हा परतायला बस मिळत नाही. फोंड्यातील एक गृहस्थ 2010 सालची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस 24 हजारांना द्यायला तयार आहेत. गाडीचे पासिंग गेल्याच महिन्यात झाले, आरसी 2030 पर्यंत आहे, पीयूसीही ताजी आहे. ‘सरकारी माणसाने पाहून पास केलेली गाडी, आता मेकॅनिकला कशाला दाखवायची?’ असे ते म्हणतात आणि बाबांना ते पटले आहे. मी एक फेरी मारून पाहिली, तर चाळीसच्या पुढे हँडल थरथरते. टायर जुने झालेत म्हणून, असे विकणारे सांगतात. पासिंगवर भरवसा ठेवावा का? हँडलचे नेमके काय असेल? आणि 24 हजारांवर आणखी किती खर्च धरावा?

उत्तर

पासिंग झालेले आहे ही जमेची बाजू आहे. ते झाले नसते तर ‘आधी मालकाने पासिंग करून द्यावे, मग बोलणी’ एवढेच आम्ही लिहिले असते. पण त्या शिक्क्यावरून गाडी रोज रात्री शिरोडा-वेर्णे रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असे ठरत नाही. चाळीसला हँडल थरथरणारी गाडी पास झाली, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 प्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर गाडी वाहतूक खात्याच्या निरीक्षकापुढे उभी करायची, ती ठीक वाटली की नोंदणी पुढच्या 5 वर्षांसाठी वाढते. आपण ज्याला पासिंग म्हणतो ते हेच. निरीक्षक पाहतो ते असे: चेसिस आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळतो का, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, नंबरप्लेट, टायरची नक्षी, ब्रेक लागतो का, विमा आणि पीयूसी आहे का. गाडी उभी असताना किंवा आवारात थोडी चालवून यापेक्षा जास्त कळतही नाही. चाक काढून ब्रेक शू कोणी पाहत नाही, इंजिन कोणी उघडत नाही, गाडी पन्नासने पळवून कोणी पाहत नाही. त्यामुळे त्या दिवशी गाडी कायद्याच्या किमान अटीत बसली, एवढेच तो कागद सांगतो. 2030 ही तारीख नोंदणीची आहे, गाडीच्या तब्येतीची नाही.

आणखी एक गोष्ट सांभाळून लक्षात घ्या. पासिंगच्या दिवसापुरते टायर, आरसे किंवा सायलेन्सर दुसऱ्या गाडीचे बसवून नंतर काढून घेणे हा प्रकार जुन्या गाड्यांच्या व्यवहारात होतो. तुमच्या विक्रेत्याने तसे केले असे आम्ही म्हणत नाही, पण एक प्रश्न त्यांना जरूर विचारा: टायर जुने आहेत असे तुम्हीच म्हणता, तर गेल्या महिन्यात पासिंगला कोणते टायर होते? दुचाकीच्या टायरची नक्षी 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये असा नियम आहे. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघा. ‘2317’ असेल तर टायर 2017 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक असूनही सहा-सात वर्षांचा टायर गोव्याच्या उन्हात कडक होतो, बाजूला केसासारख्या चिरा पडतात आणि ओल्या डांबरावर तो पकड धरत नाही. पासिंगला नक्षी पाहतात, रबराचे वय सहसा पाहत नाहीत.

पीयूसीवर तर याहून कमी विसंबा. ती चाचणी इंजिन मंद चालू असताना होते. 2000 नंतरच्या आणि बीएस-4 या प्रदूषण-निकषाच्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकीसाठी मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएम. कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू थोडा फिरवून पेट्रोल कमी केले की बऱ्याच गाड्या या मर्यादेत येतात. पुढे त्याच स्थितीत गाडी चालवली तर इंजिन तापते, चढावर दम तोडते. इंजिन ऑइल जाळते आहे का, हे त्या कागदावरून कळत नाही. शिवाय तुमच्या सालच्या गाडीची पीयूसी सहाच महिन्यांची असते.

कायद्यानेही जबाबदारी निरीक्षकावर टाकलेली नाही. कलम 190 सांगते की साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असलेली गाडी रस्त्यावर चालवणारा दोषी. हँडल थरथरते हे तुम्हाला आता माहीत आहे. उद्या अपघात झाला तर पासिंग दाखवून सुटका नाही.

आता त्या थरथरीकडे वळू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे. टायर हे एक कारण असू शकते, पण कारणे पाच-सहा असतात आणि त्यातली काही दीडशे रुपयांत सुटतात, तर एखादी गाडी नाकारायला पुरेशी असते. म्हणून क्रमाने जा.

पहिल्यांदा हवा. या गाडीला पुढे 25 पीएसआय आणि मागे एकट्यासाठी 28 लागते, मागे माणूस बसणार असेल तर मागे 40. पंपावर हवा नीट करून पुन्हा चालवा. थरथर गेली तर प्रश्न तिथेच संपला, पण बहुधा जाणार नाही.

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागची सीट दाबायला सांगा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवा. बरोबर मध्ये, गाडी सरळ चालते त्या जागी, हँडल खाचेत बसल्यासारखे अडत असेल तर कोन सेट (हँडल फिरते ते बेअरिंग) गेला. स्टिअरिंगमधल्या गोळ्यांनी वाटीत खळगे पाडलेले असतात. आपल्याकडचे खड्डे आणि स्पीडब्रेकर बघता पंधरा वर्षांच्या गाडीत हा दोष सर्रास सापडतो, आणि चाळीस-पन्नासला हँडल थरथरण्याचे पहिले संशयित कारणही हेच. त्याच स्थितीत दोन्ही शॉकप (पुढच्या चाकाचे शॉक अॅब्सॉर्बर) खालून, अॅक्सलजवळ धरून पुढे-मागे हलवा. वर टक-टक लागली तर कोन सेट ढिला आहे. काही वेळा नुसता नट आवळून भागते. पण आधीच खाच पडलेली असेल तर आवळल्याने हँडल आणखी जड होते आणि गाडी साप चालल्यासारखी डोलत जाते. तेव्हा सेट बदलणे हाच उपाय.

चाक अधांतरी आहे तोवर ते वर-खाली दोन्ही हातांनी धरून कडेकडेला हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग. चाक फिरवून कानाला खरखर ऐकू येते का पाहा. किनाऱ्यावर, वाळूत फिरलेल्या गाड्यांच्या बेअरिंगमध्ये मिठाचे पाणी आणि वाळू शिरते आणि ती फार लवकर खरखरू लागतात. एक पेन्सिल शॉकपला टेकवून तिचे टोक रिमच्या जवळ धरा आणि चाक फिरवा. रिम दोन मिलिमीटरपेक्षा जास्त इकडेतिकडे जात असेल तर तार ओढून चाक सरळ करावे लागेल. प्रत्येक तारेवर स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारा. खणखणीत आवाजांच्या मध्ये एखादी बोदी वाजली तर ती ढिली आहे किंवा तिचे निपल गंजून सरकले आहे.

आता मागे या. मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात, त्या स्विंग आर्मच्या बुशी बहुतेक लोक तपासतच नाहीत. मागचे चाक वर असताना चाकापाशी धरून चिमटा आडवा ढकला. इंजिनाकडच्या टोकाला हालचाल दिसली तर बुश झिजली. दोष मागे असतो आणि थरथर मात्र हँडलला लागते, म्हणून लोक पुढचा भाग बदलत बसतात.

यातले काहीच सापडले नाही तर संशय वाकलेल्या शॉकपवर किंवा चेसिसवर जातो. गाडीपुढे दहा पावलांवर उकिडवे बसून पाहा: पुढचे चाक मडगार्डच्या मधोमध आहे का, दोन्ही शॉकपचे पाइप एकमेकांना समांतर आहेत का. मग हँडल सरळ ठेवून एक लांब सुतळी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी ताणून पुढे न्या. पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखेच अंतर राहायला हवे. त्याआधी चिमट्यावरच्या चेन ताणायच्या खुणा दोन्हीकडे एकाच रेघेवर आहेत ना ते पाहा, नाहीतर फरक त्याचाच दिसेल. स्टिअरिंगच्या नळीच्या मागे, टाकीच्या पुढच्या टोकाखाली जिथे चेसिसच्या नळ्या जोडलेल्या असतात, तिथला रंग सुरकुतलेला, तडकलेला किंवा तेवढाच नवा दिसला तर गाडीने समोरून जोराची धडक खाल्लेली आहे. वाकलेली चेसिस ‘जॅकवर सरळ करून देतो’ असे सांगणारे भेटतील. आमचे मत स्पष्ट आहे: अशी गाडी घेऊ नका, दहा हजारांत मिळाली तरी.

चेसिसपाशी आहात तर गंजही पाहून घ्या. गोव्यात हा भाग इंजिनाइतकाच महत्त्वाचा. चार महिन्यांचा पाऊस, खारी हवा आणि डिचोली-सत्तरी-सांगेच्या पट्ट्यात खनिजाची तांबडी धूळ, जी ओली झाली की सांध्यांत चिकटून राहते आणि लोखंड सुकू देत नाही. स्प्लेंडरची चेसिस इंजिनाखालून जाणाऱ्या दोन नळ्यांची आहे. त्या नळ्यांच्या खालच्या बाजूला बोट फिरवा, पोपडे आले तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठक्क असा भरीव आवाज हवा. फसकन आत गेले तर नळी आतून खाल्ली आहे. बॅटरीच्या डब्याखाली अॅसिड सांडून गंज धरतो. स्टँडची जोड, मागच्या मडगार्डचे बोल्ट सीट काढून पाहा, सायलेन्सरच्या वळणाची खालची बाजू पाहा. वरवरचा गंज घासून रंगवता येतो, भोक पडलेली चेसिसची नळी वेल्ड करून घेऊ नये. टाकीचे झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत डोकावा. तळाला तांबडी पूड दिसली तर ती कार्ब्युरेटरमध्ये जाणार. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे दमट हवेत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी जास्त बिघडते. पेट्रोलची रबरी नळी बोटांनी दाबून पाहा. चिरलेली किंवा फुगलेली असेल तर घेतल्या दिवशीच बदला.

2021 च्या जुलैमध्ये खांडेपार, उसगाव, सत्तरी, डिचोली भागात पूर आला होता. फोंडा तालुक्यातली गाडी म्हणून एवढे बघाच: हेडलाइटच्या आत रिफ्लेक्टरवर मातीची आडवी रेघ, एअर फिल्टरच्या डब्यात सुकलेला गाळ, सीटच्या स्पंजाला कुबट वास, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर. दोन खुणा एकत्र सापडल्या तर गाडी पाण्याखाली गेली होती असे समजा आणि सोडून द्या. वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

इंजिनासाठी एक अट घाला: तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावून पाहा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. गरम इंजिन बरेच काही लपवते. किक हाताने हळू दाबा, एका जागी ती स्पष्ट अडली पाहिजे. सरसर खाली गेली तर कॉम्प्रेशन गेलेले आहे. इंजिन थंड असताना चोक ओढून दोन-तीन किकमध्ये गाडी लागली पाहिजे. उजव्या बाजूची ऑइलची दांडी काढून पुसा, आत नुसती टेकवून पुन्हा काढा. ऑइल काळे असले तरी हरकत नाही. दुधाळ असेल तर पाणी गेले आहे, बोटावर चमकणारी पूड दिसली तर आत धातू झिजतो आहे. आणि ऑइल अगदी नवे, सोनेरी असेल तर खूश होऊ नका. या इंजिनाला 10डब्ल्यू-30 लागते. आवाज दबावा म्हणून विकण्यापूर्वी 20डब्ल्यू-50 सारखे जाड ऑइल भरतात. कोणते भरले ते विचारा.

सुरू झाल्यावर डाव्या बाजूने, सिलिंडरच्या उंचीवर, साखळी घासल्यासारखी खळखळ आली तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. हे काम होण्यासारखे आहे. खालून, इंजिनाच्या पोटातून, रेस दिल्यावर जड ठोके आले तर क्रँकच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, म्हणजे ‘फुल इंजिन’, पूर्ण इंजिन उघडून करायची दुरुस्ती. तिथे सौदा थांबवा. सायलेन्सरच्या मागे पांढरा कागद धरा. सुरू करताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील. चढावर, जोर लागताना सतत निळा धूर आला तर रिंग-पिस्टन, म्हणजे ‘हाफ इंजिन’, इंजिनाच्या फक्त वरच्या भागाची दुरुस्ती. सकाळी थोडी वाफ निघते, तिला घाबरू नका.

दिव्यांच्या बाबतीत एक बारकावा आहे. या सालच्या स्प्लेंडरचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर) चालतो, म्हणून इंजिन मंद असताना तो मिणमिणतो. तो दोष नव्हे. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा मात्र बॅटरीवर आहेत. इंजिन बंद ठेवून, फक्त चावी फिरवून, ब्रेक दाबून हे तिन्ही एकाच वेळी वापरा. हॉर्नचा आवाज बसला, इंडिकेटर लुकलुकायचा थांबला तर बॅटरी संपली. विकणारा नेहमी इंजिन चालू ठेवून दाखवतो, तेव्हा चार्जिंगवर सगळे ठीक वाटते. तुमचा प्रवास रात्रीचा आहे म्हणून हेडलाइटचा रिफ्लेक्टरही पाहा. चांदी उडून काळा पडला असेल तर कितीही चांगला बल्ब लावा, बोरीच्या पुलापुढच्या अंधारात उजेड पडणार नाही.

ब्रेक. या गाडीला दोन्हीकडे ड्रम आहेत. 2019 नंतरच्या छोट्या गाड्यांना असते तशी दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सोय हिच्यात नाही, म्हणून पुढचा ब्रेक चांगला असणे फार गरजेचे. ड्रमच्या बाहेरच्या प्लेटवर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण प्लेटवरच्या खुणेला भिडला तर शू संपले. अॅडजस्ट करायचा नट आट्यांच्या शेवटापर्यंत गेलेला असेल तरी अर्थ तोच. लिव्हरला दोनेक सेंटिमीटर मोकळी चाल हवी, पायाच्या ब्रेकला दोन ते तीन. आता पावसाळी दोष: ब्रेक दाबून सोडल्यावर लिव्हर चटकन परत येते का? ड्रममधला कॅम गंजून जाम झालेला असतो, ब्रेक लागलेलाच राहतो, ड्रम तापतो. आणखी वाईट म्हणजे गंजामुळे शूच्या लोखंडावरचे अस्तर सुटते. बाहेरून बाण ठीक दाखवतो आणि एके दिवशी अस्तर सुटून चाक अडकते. त्यामुळे गाडी घेतल्यावर पहिले काम, दोन्ही चाके काढून ड्रम उघडणे. मालक तयार असेल तर घेण्याआधीच. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे आणि आमच्या मते मेकॅनिकला दिलेल्या पैशांत याहून मोलाचे दुसरे काही नाही.

चेन पूर्ण कव्हरच्या आत असल्यामुळे सहसा कुणी पाहत नाही. कव्हरवरचे रबरी बूच काढून चेन बोटाने वर-खाली करा, अडीच-तीन सेंटिमीटर ढिली असावी. चाक थोडे थोडे फिरवत चार-पाच जागी तपासा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेन असमान ताणली आहे. कव्हर सोडता आले तर मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायचे. एकटी चेन बदलून पैसे वाचत नाहीत, जुने दात नवी चेन लवकर खातात.

मग फेरी मारा, निदान दहा किलोमीटरची आणि चढ-उताराची. फोंड्याहून फर्मागुढीचा चढ चांगला आहे. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल द्या. आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही असे झाले तर क्लचप्लेट घसरतात. प्रत्येक गिअरमध्ये जोर देऊन सोडा, गिअर आपोआप उडतो का पाहा. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, फक्त पुढचा ब्रेक लावा: लिव्हर बोटांत धडधडली तर ड्रम अंडाकृती झाला. परतल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात न्या; एक दुसऱ्यापेक्षा फारच गरम असेल तर तो ब्रेक अडकतो आहे. गाडी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा किक मारा. खाली जमिनीवर ऑइलचा थेंब पडला का आणि शॉकपच्या पाइपवर ओलसर कडे उमटले का, हेही तेव्हाच बघा.

गोव्यात जुनी गाडी घेताना ती पूर्वी रेंट-अ-बाइक किंवा पायलटची (मोटरसायकल टॅक्सीवाल्याची) होती का हे विचारावेच लागते. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की सध्याचा मालक कितवा ते, वाहनाचा वर्ग, नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाची नोंद दिसते. भाड्याने देण्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. ती खासगी करताना पाटी बदलते, पण वापर बदलत नाही. अनेक हातांनी चालवलेल्या अशा गाडीचा क्लच, कोन सेट आणि गिअर वयाच्या मानाने जास्त झिजलेले असतात. किलोमीटरवर जाऊ नका. मीटरची केबल काढली की आकडे थांबतात, आणि पाच आकड्यांचा मीटर लाखानंतर पुन्हा शून्यावर येतो. पायटेकणीचे रबर, किकचे रबर आणि गिअरच्या दांड्याचे टोक जास्त खरे बोलतात. चेसिस नंबर स्टिअरिंगच्या नळीवर उजव्या बाजूला आणि इंजिन नंबर डावीकडे खाली कोरलेला असतो. दोन्ही आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. भोवती घासल्याच्या खुणा असतील तर पासिंग झालेले असले तरी बाजूला व्हा.

खर्चाचे बोलायचे तर, हँडलचा दोष कोन सेट किंवा बुशीचा निघाला आणि इंजिन ठीक असले, तर साधारण असे धरा: दोन टायर आणि ट्यूब साडेतीन ते चार हजार, चेन-स्प्रॉकेट हजार ते दीड हजार, दोन्ही ब्रेक शू मजुरीसह पाच-सातशे, कोन सेट आणि चिमट्याच्या बुशी मिळून हजार ते दीड हजार, बॅटरी हजाराच्या आत, ऑइल (900 मिलीचा डबा), प्लग, एअर फिल्टर आणि केबल मिळून हजार-बाराशे. म्हणजे आठ ते दहा हजार. ही कामे ‘पुढे बघू’ म्हणण्यासारखी नाहीत, टायर आणि ब्रेक तर पहिल्या पगाराची वाट न पाहता करायचे. हाफ इंजिन निघाले तर आणखी सहा-आठ हजार. त्यामुळे 24 हजार हा भाव सगळे ठीक असलेल्या गाडीचा समजा. टायर जुने आहेत हे विक्रेत्यानेच मान्य केले आहे, तेव्हा बोलणी तिथून सुरू करा. पासिंगचे शुल्क मोटरसायकलीला हजार रुपये आहे. त्याच्या नावावर त्यांनी भावात चार-पाच हजार चढवले असतील तर ते देण्याचे कारण नाही.

बाबांना असे सांगा की मेकॅनिकला दाखवण्याचे दोन-तीनशे रुपये विक्रेत्यावरच्या अविश्वासाचे नाहीत. मेकॅनिक मात्र तुमच्या ओळखीचा घ्या, शिरोड्याचा किंवा बोरीचा, विक्रेत्याने सुचवलेला नको. विक्रेता ड्रम उघडू देत नसेल, सकाळी थंड इंजिन दाखवायला तयार नसेल किंवा ‘आजच ठरवा, दुसरे गिऱ्हाईक आहे’ असे म्हणत असेल, तर दुसरी गाडी शोधा. शंभर सीसीच्या गाड्या फोंड्यात आणि मडगावात कायम विक्रीला असतात.

सौदा ठरला तर पूर्ण पैसे देण्याआधी मालकी बदलाच्या फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 यांवर त्यांच्या सह्या घ्या, मूळ आरसी, विमा आणि पीयूसी ताब्यात घ्या. अॅपवर कर्जाची नोंद दिसत असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा फॉर्म 35 आणि ना-हरकत पत्र आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी एकाच राज्यातली आहे, म्हणून विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि तुम्ही 30 दिवसांत वाहतूक खात्याला कळवायचे. नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडते, त्यामुळे यात त्यांचेही हित आहे. ते टाळाटाळ करत असतील तर कारण विचारा. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी कंपनीला व्यवहाराच्या तारखेपासून 14 दिवसांत अर्ज द्यावा लागतो. गाडी ताब्यात घेतली त्याच आठवड्यात, टायर आणि ब्रेकच्या कामाबरोबर, तो देऊन टाका.